कॉलेज की लीग? अमेरिकेत बास्केटबॉल खेळू पाहणाऱ्या मुलांच्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी पुण्यात मुलांना बास्केटबॉल शिकवतोय. पूर्वी सराव संपल्यावर पालक दोनच गोष्टी विचारायचे: सर, उंची वाढेल का, आणि दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील का. आता न्यू जर्सीहून मावसबहिणीचा फोन येतो, कारण तिचा मुलगा शाळेच्या संघात चमकतोय. इथे सहा फूट चार इंचाच्या अकरावीतल्या पोराचे बाबा रात्रभर व्हिडिओ बघून सकाळी कोर्टवर हजर असतात. सगळ्यांच्या बोलण्याचा रोख एकच असतो. बारावीनंतर अमेरिकेत कॉलेजकडून खेळायचं, की एखाद्या व्यावसायिक लीगशी करार करून मोकळं व्हायचं? उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. यातले नियम दरवर्षी हलतात. इथे दिलेत ते २०२५ अखेरचे आहेत असं समजा.

मुळात शाळेतून सरळ एनबीएत का जाता येत नाही?

एनबीए म्हणजे अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग. दरवर्षी तिचे संघ नव्या खेळाडूंना क्रमाने निवडतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. शाळेतून थेट तिथे एके काळी जाता यायचं. १९९५ मध्ये केविन गार्नेट शाळेतून थेट ड्राफ्टमध्ये पाचव्या क्रमांकावर निवडला गेला, पुढच्या वर्षी कोबी ब्रायंट तेराव्या, आणि २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स पहिल्या. ही तीन नावं सगळ्यांना पाठ असतात. २००१ चा पहिला क्रमांक क्वामे ब्राउन मात्र कोणाला आठवत नाही. तोही शाळेतूनच आला होता, आणि त्याच्यावर बांधलेली आशा फळाला आली नाही. अठरा वर्षांच्या पोरांवर कोटी-कोटी डॉलर लावून संघमालक कंटाळले. २००५ च्या खेळाडू-मालक करारात वयाची अट आली आणि २००६ च्या ड्राफ्टपासून ती लागू झाली. ड्राफ्टच्या वर्षात खेळाडूला १९ पूर्ण होत असली पाहिजेत, आणि अमेरिकेत शिकलेला असेल तर त्याची शाळेची बॅच बाहेर पडून एक वर्ष झालेलं असलं पाहिजे.

म्हणजे मध्ये एक वर्ष रिकामं राहिलं. कॉलेज की लीग हा सगळा वाद त्या एका वर्षाचा आहे.

ते वर्ष आतापर्यंत मुलांनी कसं काढलं?

बहुतेकांनी एक वर्ष कॉलेजकडून खेळून ड्राफ्टला नाव दिलं. काहींनी वेगळ्या वाटा धरल्या. २००८ मध्ये ब्रँडन जेनिंग्स रोमला गेला, इटलीतल्या संघाकडून खेळला आणि पुढच्या वर्षी दहाव्या क्रमांकावर निवडला गेला. २०१४ मध्ये इमॅन्युएल मुडियाय चीनमध्ये ग्वांगडाँगला गेला आणि नंतर सातव्या क्रमांकावर आला. ऑस्ट्रेलियाच्या एनबीएल लीगने हे ओळखून २०१८ पासून 'नेक्स्ट स्टार्स' अशी खास योजनाच काढली. लामेलो बॉल त्या वाटेने इलावारा हॉक्सकडे गेला. पायाच्या दुखापतीमुळे जेमतेम डझनभर सामने खेळला, तरी २०२० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला.

माझ्या सगळ्यात आवडीची गोष्ट डेरियस बॅझलीची. त्याने कॉलेजला नकार दिला, मग एनबीएच्या दुय्यम लीगला, म्हणजे जी-लीगलाही नकार दिला, आणि न्यू बॅलन्स या बूट कंपनीत तीन महिन्यांची इंटर्नशिप केली. मोबदला दहा लाख डॉलर. वर्षभर एकही स्पर्धात्मक सामना न खेळता २०१९ मध्ये तो तेविसाव्या क्रमांकावर निवडला गेला. हे ऐकून कोणी आपल्या पोराचा सराव बंद करू नये, पण निवड करणारे नेमकं काय बघतात याचा त्यातून थोडा अंदाज येतो. सामन्यातल्या गुणांइतकीच शरीराची ठेवण, हातांची लांबी आणि वय यांनाही किंमत असते.

जी-लीग इग्नाइटबद्दल खूप ऐकलं होतं. ते बंद का पडलं?

याचं उत्तर जरा लांबवतो, कारण कॉलेज की लीग या प्रश्नाचा निकाल बराचसा इथेच लागला.

अमेरिकन कॉलेजांची संघटना, म्हणजे एनसीएए, शंभर वर्षं एका तत्त्वावर चालत होती. खेळाडू विद्यार्थी आहे, त्याला शिष्यवृत्ती मिळेल, पगार नाही. स्टेडियम भरत होती, टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे होत होते, कोच कोट्यधीश होत होते, आणि पोराला कोणी जेवण खाऊ घातलं तरी चौकशी लागायची. अर्थात टेबलाखालून पैसे जात होते. २०१७ मध्ये एफबीआयने बूट कंपन्यांचे लोक आणि साहाय्यक कोच यांना त्यासाठी अटक केली. मग माजी परराष्ट्रमंत्री काँडोलिझा राइस यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला.

एनबीएने वेगळी चाल खेळली. आधी २०१८ मध्ये आपल्या जी-लीगमध्ये निवडक मुलांसाठी १,२५,००० डॉलरचे करार जाहीर केले. मोठं नाव कोणी गळाला लागलं नाही. मग २०२० मध्ये 'इग्नाइट' नावाचा अख्खा संघच उभा केला. त्यात शाळेतून आलेली चार-पाच हुशार पोरं, सोबत काही जुनेजाणते व्यावसायिक खेळाडू, आणि वर्षाला पाच लाख डॉलरपर्यंत मानधन. जेलेन ग्रीन पहिल्याच वर्षी आला आणि २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच संघातला जोनाथन कुमिंगा सातवा. पुढे डायसन डॅनियल्स आठवा, स्कूट हेंडरसन तिसरा, रॉन हॉलंड पाचवा. यादी बघितली तर योजना यशस्वी वाटते.

पण १ जुलै २०२१ ला एनसीएएने दार उघडलं. खेळाडू आपलं नाव, चेहरा आणि ओळख वापरून जाहिरातींतून पैसे कमवू शकतो, कॉलेजमध्ये राहूनच. याला तिकडे सगळे एनआयएल म्हणतात. माजी विद्यार्थ्यांनी वर्गण्या काढून निधी उभे केले आणि दोन वर्षांत कॉलेजं इग्नाइटपेक्षा जास्त पैसे द्यायला लागली. शिवाय कॉलेजचे सामने देश बघतो. इग्नाइटचे सामने नेवाडातल्या हेंडरसनच्या छोट्या स्टेडियममध्ये व्हायचे, आणि त्यांचा स्वतःचा असा चाहता नव्हताच. मार्च २०२४ मध्ये एनबीएने जाहीर केलं, हा शेवटचा हंगाम. कॉलेज पैसे देत नाही म्हणून जन्मलेला संघ कॉलेजने पैसे द्यायला सुरुवात करताच संपला, आणि अजूनही काही पालक मला इग्नाइटची चाचणी कुठे असते असं विचारतात.

मग आता लीग म्हणजे नेमकं काय उरलंय?

जी-लीग स्वतः आहेच. २००१ मध्ये आठ संघांनी सुरू झाली, आज तीसहून जास्त संघ आहेत, जवळजवळ प्रत्येक एनबीए संघाचा एक. अठरा पूर्ण असलेला मुलगा तिथे खेळू शकतो, पण तिथली स्पर्धा मोठ्या माणसांशी आहे. अटलांटात ओव्हरटाइम एलिट आहे, शाळकरी वयाच्या मुलांसाठी. अमेन आणि ऑसार थॉम्पसन हे जुळे भाऊ तिथूनच २०२३ मध्ये चौथ्या आणि पाचव्या क्रमांकावर गेले. सुरुवातीला तिथे किमान एक लाख डॉलर पगार होता. नंतर त्यांनी पगाराऐवजी शिष्यवृत्ती घेण्याची सोय केली, म्हणजे कॉलेजचा रस्ता बंद होत नाही. बरीच मुलं आता तीच सोय घेतात, यावरून काय ते ओळखा. ऑस्ट्रेलियाची एनबीएल आणि युरोपातले क्लबही आहेत. २०२४ चा पहिला क्रमांक झकारी रिसाशे फ्रान्सच्या क्लबातून आणि दुसरा अलेक्स सार ऑस्ट्रेलियाच्या पर्थमधून आला होता.

पैसे कुठे जास्त?

वरच्या थरातल्या मुलासाठी आज कॉलेजमध्ये, आणि फरक मोठा आहे. जी-लीगचा साधा करार २०२४-२५ मध्ये ४३,००० डॉलरचा होता, राहण्याची सोय आणि विमा वेगळा. भारतात बसून ही रक्कम भरघोस वाटते. तिथे ती शाळामास्तराच्या पगारापेक्षा कमी आहे. त्याच्या वर टू-वे करार असतो. प्रत्येक एनबीए संघाकडे असे तीन खेळाडू असतात, जे दोन्हीकडे ये-जा करतात. त्याचे त्या वर्षी सुमारे ५ लाख ७८ हजार डॉलर होते. पण टू-वे शाळेतून आलेल्या पोराला क्वचितच मिळतो.

दुसऱ्या बाजूला, जून २०२५ मध्ये खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या 'हाउस' खटल्यातल्या तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली आणि कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. २०२५-२६ साठी एका विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. त्यातला मोठा वाटा अमेरिकन फुटबॉलला जातो, दुसरा बास्केटबॉलला. एनआयएल त्याच्या वर.

परिणाम एका आकड्यात दिसतो. २०२१ मध्ये वेळेआधी ड्राफ्टला नाव देणारे ३५३ होते. २०२५ मध्ये १०६. ज्याला ड्राफ्टच्या दुसऱ्या, म्हणजे शेवटच्या फेरीत निवड व्हायची आशा आहे तो सरळ हिशेब करतो की कॉलेजमध्येच अजून एक वर्ष काढलेलं परवडतं.

मात्र हे आकडे मोठ्या विद्यापीठांतल्या मोजक्या मुलांचे. लहान कॉलेजात बाकावरच्या बाराव्या खेळाडूला बूट आणि शिष्यवृत्ती मिळाली तरी त्याने देव पावला म्हणावं.

भारतीय पासपोर्ट असलेल्या मुलालाही हे पैसे मिळतात का?

इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. आपला मुलगा एफ-१ विद्यार्थी व्हिसावर जाणार, आणि त्या व्हिसावर अमेरिकेत बाहेरचं काम करून पैसे घेता येत नाहीत. जाहिरातीसाठी फोटो काढून घेणं हेही कामच धरलं जातं. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला, पण कॅनडाचा नागरिक असल्यामुळे अमेरिकन सहकाऱ्यांसारखे करार त्याला घेता आले नाहीत. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर चीब्वे मूळ काँगोचा. संघ २०२२ मध्ये बहामाजला दौऱ्यावर गेला तेव्हा त्याने तिथे, अमेरिकेच्या हद्दीबाहेर, आपली जाहिरातीची कामं उरकून घेतली. विद्यापीठाने थेट दिलेल्या पैशाबद्दलही वेगवेगळी विद्यापीठं वेगवेगळं सांगतात. इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरही घेऊ नका, व्हिसा गेला तर खेळही गेला.

व्यावसायिक लीगचा खेळाडू पी-१ व्हिसावर असतो, त्याला पगार घ्यायला अडचण नाही. म्हणून परदेशी मुलासाठी लीगचं पारडं अमेरिकन मुलापेक्षा थोडं जड होतं. न्यू जर्सीत जन्मलेल्या आपल्या भाच्याला यातलं काहीच लागू नाही, तो नागरिक आहे.

खेळ कुठे जास्त सुधारतो?

जी-लीगचा सामना ४८ मिनिटांचा, चेंडू टाकायला २४ सेकंद, तीन गुणांची रेषा एनबीएइतकी म्हणजे ७.२४ मीटरवर. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, ३० सेकंद, रेषा ६.७५ मीटरवर. ऐकायला अर्धा मीटर. एकदा मुलांना अर्धा मीटर मागे उभं करून नेम धरायला सांगा, दहातले सहा टाकणारा पोरगा तीनवर येतो, आणि दुसऱ्या दिवशी खांदा दुखतोय म्हणून सांगतो. रेषा मागे गेली की बचाव करणाऱ्यांमध्ये मोकळी जागाही वाढते. म्हणून एनबीएचा खेळ शिकायला जी-लीग अधिक जवळची, यात वाद नाही.

पण समोर कोण असतं ते बघा. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, दोनदा संघातून काढला गेलेला, घरी बायको-मुलं असलेला माणूस. त्याला तुमचं पोर घडवायचं नसतं, त्याला स्वतःचा पुढचा करार मिळवायचा असतो. तो कोपराने जागा करून घेतो आणि मागे वळून बघतही नाही. काही मुलं यातून पोलादासारखी होऊन निघतात. काही वर्षभर चेंडू हातात आला की घाईने दुसऱ्याला देतात, आणि ती सवय लागली की सुटत नाही.

कॉलेजमध्ये सामने कमी, तीस-पस्तीस, पण दोन सामन्यांमध्ये सराव भरपूर, व्यायामशाळा, आहार, कोच शिव्या घालायला रोज हजर. जी-लीगमध्ये साधारण पन्नास सामने आणि बाकीचा वेळ विमानतळावर. माझं मत विचाराल तर अठराव्या वर्षी शरीर भरायचं राहिलेल्या मुलाने कॉलेजला जावं. शरीर तयार आहे आणि डोकं थंड आहे, असा विरळाच सापडतो. तो मोठ्या माणसांत गेला तर मी अडवणार नाही.

आणि बाकावरच बसवलं तर?

मला वाटतं सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हा आहे, आणि पालक तो सगळ्यात शेवटी विचारतात. नावाजलेल्या विद्यापीठाचा टी-शर्ट घालून सामन्यात चार मिनिटं खेळणारा मुलगा, आणि कोणाला ठाऊक नसलेल्या कॉलेजात तीस मिनिटं खेळणारा मुलगा, यात दोन वर्षांनी दुसराच पुढे असतो. पूर्वी कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. २०२१ पासून एकदा मोकळीक मिळाली आणि २०२४ पासून कितीही वेळा. त्यासाठीच्या यादीला ट्रान्सफर पोर्टल म्हणतात. दर वसंतात हजारो मुलं त्यात नाव टाकतात.

याची दुसरी बाजू अशी की कोचलाही आता अठरा वर्षांच्या पोरासाठी थांबायची गरज राहिलेली नाही. तो दुसऱ्या कॉलेजातला बावीस वर्षांचा तयार गडी उचलून आणतो. शाळेतून येणाऱ्या मधल्या दर्जाच्या मुलाला जागा मिळणं त्यामुळे अवघड झालंय, आणि हे कोणी माहितीपत्रकात लिहीत नाही.

दुखापत झाली तर?

आमच्या क्लबातल्या एका मुलाला दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका अकादमीचा करार आला होता. त्याचे बाबा कागद घेऊन कोर्टवर आले. अकरा पानं, पावसाने कोपरे ओले झालेले. आम्ही दोघं बाकावर बसून वाचत गेलो. पहिल्या पानावर निवास, भोजन, व्हिडिओ चित्रण, सगळं ठळक अक्षरात. नवव्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ: खेळाडू सलग तीस दिवस सरावासाठी अनुपलब्ध राहिल्यास संस्था करार संपुष्टात आणू शकेल. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला तर नऊ महिने लागतात. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा ती ओळ वाचली आणि कागद पिशवीत ठेवले.

अमेरिकन कॉलेजांत निदान एनसीएएच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या विभागात परिस्थिती सुधारली आहे. २०२४ पासून खेळताना झालेल्या दुखापतीचा उपचार पात्रता संपल्यानंतरही दोन वर्षं विम्यात धरला जातो, आणि शिष्यवृत्तीवरच्या खेळाडूने पदवी अर्धी सोडली असेल तर दहा वर्षांपर्यंत परत येऊन ती पूर्ण करायची सोय ठेवावी लागते. लीगमध्ये विमा असतो, पण करार संपला की पुढचं तुमचं तुम्ही.

आधी लीग खेळून मग कॉलेजला जाता येतं का?

पाच वर्षांपूर्वी मी ठामपणे नाही म्हणालो असतो. व्यावसायिक करारावर सही केली की कॉलेजचं दार बंद, हाच नियम होता. आता ते दार किलकिलं आहे आणि नेमकं किती, हे दर महिन्याला बदलतंय. २०२४ मध्ये रेआल माद्रिद आणि बार्सिलोनाच्या युवा संघांतली मुलं अमेरिकन कॉलेजांत आली. २०२५ मध्ये इग्नाइटमधून खेळलेला थिएरी दार्लान सँटा क्लारा विद्यापीठात दाखल झाला, त्याचाच जुना सहकारी लंडन जॉन्सनने लुइव्हिल निवडलं. डिसेंबर २०२५ मध्ये तर २०२३ च्या ड्राफ्टमध्ये एकतिसावा निवडला गेलेला जेम्स न्नाजी बेलर विद्यापीठाकडून खेळायला आला. कॉलेजचे कोच यावर चिडले, आणि एनबीएच्या करारावर सही केलेल्यांना आम्ही घेणार नाही असं एनसीएएला जाहीर करावं लागलं.

हे सगळे अपवाद एकेका अर्जावर, वकिलांच्या मदतीने झालेत. त्यांच्या भरवशावर आज करार करणं म्हणजे बाजारात तुरी. एक गोष्ट मात्र पक्की: कॉलेजला आधी गेलेल्या मुलाला लीग कधीही उघडी आहे. उलट दिशेने जायला परवानगी लागते.

भारतातून गेलेल्या मुलांचं काय झालं?

सतनाम सिंग भामरा, पंजाबातल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन इंच. चौदाव्या वर्षी फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीत गेला. कॉलेजला न जाता २०१५ मध्ये डॅलसने त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडलं, भारतात जन्मलेला पहिला. देशभर पेढे वाटले गेले. तो दोन हंगाम डॅलसच्या जी-लीगमधल्या संघात राहिला, मिनिटं फार थोडी मिळाली, एनबीएचा एकही सामना मिळाला नाही. पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी झाली, आणि नंतर तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. एकोणिसाव्या वर्षी त्याला सगळ्यात जास्त गरज होती ती सामने खेळण्याची.

प्रिन्सपाल सिंग गुरदासपूरचा, ग्रेटर नोएडातल्या एनबीए अकादमीतून पुढे आला. २०२० मध्ये इग्नाइटच्या पहिल्या संघात त्याची निवड झाली. ज्या संघात जेलेन ग्रीन आणि कुमिंगा आहेत तिथे त्याच्या वाट्याला मोजकी मिनिटं आली, यात नवल नाही. २०२१ मध्ये समर लीग, म्हणजे एनबीए संघांची उन्हाळ्यातली नवोदितांची स्पर्धा, जिंकणाऱ्या सॅक्रामेंटोच्या चमूत तो होता.

दुसऱ्या वाटेची उदाहरणं कमी गाजली. त्याच अकादमीतला अमान संधू न्यू जर्सीतल्या मॉनमथ विद्यापीठाकडून एनसीएएच्या पहिल्या विभागात खेळला. जगशानबीर सिंग पिट्सबर्गच्या पॉइंट पार्क विद्यापीठात गेला. ते तेव्हा एनसीएएत नव्हतं, एनएआयए नावाच्या लहान कॉलेजांच्या संघटनेत होतं. टोरांटोत जन्मलेला सिम भुल्लर न्यू मेक्सिको स्टेटमध्ये दोन वर्षं खेळला, ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही, मग जी-लीगमधून २०१५ मध्ये तीन सामन्यांपुरता का होईना, एनबीएत पोचला. आधी कॉलेज, मग लीग, हा त्याचा क्रम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

मुलीसाठी काय?

कॉलेज. इथे फार खल करायचं कारण नाही. डब्ल्यूएनबीए, म्हणजे महिलांची व्यावसायिक लीग, अमेरिकन मुलींना साधारण बाविसाव्या वर्षीच घेते, म्हणजे चार वर्षं कॉलेजमध्येच जातात. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क पहिल्या क्रमांकावर निवडली गेली तेव्हा लीगचा तिचा पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर होता. कॉलेजमध्ये असतानाच ती जाहिरातींतून त्याच्या कित्येक पट कमवत होती. बंगळुरूची संजना रमेश नॉर्दर्न अॅरिझोनात, पंजाबची हरसिमरन कौर सॅन डिएगोत शिष्यवृत्तीवर खेळल्या. पुण्याची शिरीन लिमये इथेच राहून भारतीय संघाची कर्णधार झाली, हाही रस्ता आहेच. शिष्यवृत्तीच्या जागांसाठी उंच आणि अभ्यासात बरी असलेली मुलगी मुलापेक्षा जास्त संधी घेऊन जाते, हे मी पालकांना मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे दहावी झाली की आधी मुलीचाच सराव बंद होतो.

अभ्यासाच्या अटी किती कडक?

एनसीएएच्या पहिल्या विभागासाठी सोळा मुख्य विषय आणि चारपैकी किमान २.३ सरासरी लागते. गणित, विज्ञान, इंग्रजी, सामाजिक शास्त्रं असे विषय धरतात. २०२३ पासून एसएटी या प्रवेश परीक्षेची सक्ती नाही, तरी विद्यापीठ स्वतःहून मागू शकतं. आपल्या मुलांची गफलत वेगळीच होते: गुण नववीपासूनचे बघतात. नववी 'तशीही मोजत नाहीत' म्हणून पस्तीस टक्क्यांवर सोडून दिलेल्या मुलाचं पुढे अडतं. दहावीच्या आणि बारावीच्या बोर्डाच्या गुणपत्रिका तर जपूनच ठेवा, नववी-अकरावीच्याही ठेवा. आणि बारावीनंतर 'एक वर्ष खेळतो, मग बघू' म्हणताना जपा. बास्केटबॉलमध्ये एक वर्षाची सवलत आहे. त्यानंतर संघटित स्पर्धा खेळत राहिलं तर कॉलेजमधली खेळायची वर्षं कापली जातात.

खरं सांगा, शक्यता किती?

अमेरिकेत शाळेच्या संघात खेळणारे पाच लाखांहून जास्त मुलगे आहेत. त्यातले शंभरात तीन-चार एनसीएएच्या कुठल्या तरी विभागात पोचतात. तिथून ड्राफ्टला पात्र होणाऱ्यांपैकी सुमारे एक टक्का एनबीएत निवडले जातात. म्हणून मी म्हणतो, निर्णय उरलेल्या नव्व्याण्णवांसारखा घ्या, मग तुमचा मुलगा शंभरावा निघाला तरी नुकसान काही होत नाही. नव्व्याण्णवातल्या मुलाच्या हातात चार वर्षांनी पदवी असते, आणि युरोपात, जपानमध्ये किंवा इथे येऊन खेळायची मुभाही.

भारतातल्या लीगमध्ये खेळला तर अमेरिकेतली पात्रता जाईल का?

जाऊ शकते. इथे आयएनबीएल या भारतीय बास्केटबॉल लीगसारख्या स्पर्धा सुरू झाल्यात आणि मुलाला पंचवीस-पन्नास हजार रुपये मिळाले की घरच्यांना आनंदच होतो. पण प्रवास आणि राहण्याच्या खर्चापलीकडे पैसे घेतले, किंवा मानधनाच्या करारावर सही केली, तर पुढे त्याचा हिशेब द्यावा लागतो. प्रत्येक पावती ठेवा, सही करण्याआधी ज्या कॉलेजशी बोलणं चाललंय त्यांच्या नियमपालन अधिकाऱ्याला ईमेल करा. ज्याला परदेशात जायचंच नाही त्याने खुशाल खेळावं. रेल्वेची नोकरी आणि राज्य शासनाचं पाच टक्के खेळाडू आरक्षण हाही चांगला, भरवशाचा मार्ग आहे, आणि नागपाड्यापासून नागपूरपर्यंत कित्येक घरं त्यावर उभी आहेत.

एजंट म्हणतोय दोन दिवसांत सही करा, नाहीतर जागा जाईल. काय करू?

दोन दिवसांत चार गोष्टी लेखी विचारा. माझ्या मुलाच्या जागेवर सध्या कोण खेळतं, त्यातले किती पुढच्या वर्षी राहणार, गेल्या वर्षी नव्या मुलाला सामन्यात सरासरी किती मिनिटं मिळाली, आणि गुडघा गेला तर खर्च किती दिवस कोण करणार. फोनवरची उत्तरं धरू नका.

त्या अकरा पानांच्या करारवाल्या बाबांनी हेच चार प्रश्न पाठवले होते. अकादमीकडून आठवडाभर काही आलं नाही, मग 'जागा भरली' असा निरोप आला. तेच प्रश्न त्यांनी कॅन्ससमधल्या एका दोन वर्षांच्या छोट्या कॉलेजला पाठवले. तिथल्या साहाय्यक कोचने रात्री अकरा वाजता उत्तर दिलं, संघातल्या मुलांची यादी आणि मागच्या हंगामाच्या मिनिटांचा तक्ता जोडून. पोरगा आता तिथेच आहे. परवा फोन आला होता. सामन्याला चोवीस मिनिटं खेळतोय, आणि मेसमधल्या वरणाला फोडणी नसते अशी तक्रार करत होता.